टाकीच्या मागचं घर

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.
ताईंचा, म्हणजे हिच्या मोठ्या बहिणीचा, शाळेत निवृत्तीचा समारंभ होता. वेळ चारची. आम्ही पोहोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या एकात एक घालत होता. चूक माझी नाही. निघताना ही म्हणाली होती, नकाशा लावू या का. मी म्हटलं, ज्या शहरात माझे दुधाचे दात पडले तिथे मला टेलिफोन रस्ता दाखवणार? पुलाखालून डावीकडे वळायचं होतं, तसा वळलो. पूलच दुसरा निघाला. शहरात पूल फार झालेत, त्याला मी काय करणार.

समारंभात हिचं भाषण होतं. महिनाभर लिहीत होती. स्वयंपाकघरात भांडी घासताना पाठ म्हणून बघायची. कागद पर्समध्येच राहिला. परत येताना एक शब्द बोलली नाही. दमली असणार.

संकल्प: नकाशा वापरायचा नाही. कधीच नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार.
ही ताईंकडे राहायला गेली. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन परवा आहे, घरात कुणीतरी बाईमाणूस हवंच. ताईंचा नवरा, म्हणजे माझा साडू, आहे म्हणा. पण तो माणूस म्हणजे चालताबोलता उपग्रह. त्याच्याकडे पाणी मागितलं तर पाण्याचं लोकेशन पाठवेल.

आठ-दहा दिवस म्हणाली. बॅग मोठी नेली. उन्हाळ्याचे कपडेही घेतलेत. बायकांना दूरदृष्टी असते.

सोडायला येतो म्हटलं. म्हणाली, नको, मला वेळेवर पोहोचायचंय. टॅक्सीने गेली.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
ऑपरेशन नीट झालं. साडूने मेसेज केला, खाली न मागता हॉस्पिटलचं लोकेशन. हा सरळसरळ अपमान आहे. मी ते उघडलंही नाही.

दुकानात काम बरं चाललंय. दुकान खाली, घर वर. एका पदवीच्या प्रमाणपत्राला फ्रेम करायची होती. मुलाला सोनेरी पट्टी हवी होती, मी त्याला काळी बारीक पट्टी घ्यायला लावली. कशाला काय शोभतं हे मला माणूस दारात उभा राहिला की कळतं. तेवढी नजर देवाने दिली आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार.
ताईंना बघायला गेलो. नुसत्या आठवणीवर, कुणाला न विचारता, एकाही चौकात न थांबता थेट हॉस्पिटलात. हॉस्पिटल दुसरंच निघालं. तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलोच होतो, म्हणून तिथल्या एका आजोबांशी थोडं बोललो, फळं त्यांनाच दिली. बरे होतील असं वाटतं. घरी येऊन हिला कळवलं की दुकानात गर्दी होती.

८ फेब्रुवारी, रविवार.
विचारांती नकाशा फोनमध्ये घेतला. वापरायला नव्हे. शत्रूचं शस्त्र एकदा हातात घेऊन बघावं, एवढ्यासाठी.

९ फेब्रुवारी, सोमवार.
काचेच्या गोदामात जायचं होतं. तिथे मी डोळे मिटून जाऊ शकतो. नकाशा लावला तो फक्त त्याच्या चुका काढायला. आतून एक बाई बोलते. उजवीकडे वळा म्हणाली, मी मुद्दाम डावीकडे वळलो. म्हटलं, आता बघू. बाई शांतपणे म्हणाली, नवा मार्ग शोधत आहे. उसासा नाही. खिडकीबाहेर बघणं नाही. "मी सांगितलं होतं" नाही.

आणखी तीनदा चुकीचा वळलो. तिन्ही वेळा तोच आवाज. गोदाम बंद व्हायच्या सुमारास पोहोचलो. तरी प्रवास चांगला झाला.

११ फेब्रुवारी, बुधवार.
जे वाटलं होतं तेच. नकाशात माझं दुकान "फोटो स्टुडिओ" म्हणून आहे. गेली कित्येक वर्षं लोक येऊन पासपोर्टचे फोटो का मागतात ते आज कळलं. खाली "दुरुस्ती सुचवा" असं बटण आहे. दाबलं. "फ्रेम करून मिळतील" असं लिहिलं. दुपारी उत्तर आलं: तुमच्या योगदानाबद्दल मनःपूर्वक आभार.

दोनदा वाचलं. मनःपूर्वक म्हणे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.
आज भरपूर दुरुस्त्या केल्या. औषधाच्या दुकानाची वेळ. बंद पडलेली पिठाची गिरणी. बागेचं मागचं दार. सगळ्यांबद्दल आभार आले. काच कापायची राहिली, ती उद्या कापू.

समोरच्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात. त्यांना दाखवलं. ते म्हणाले, खुर्चीत बसून शहर सुधारणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. वर विचारलं, वहिनी कधी येणार? म्हटलं, गुडघा बरा झाला की. मास्तर सुईत दोरा ओवत राहिले. त्यांना माणसांत रस नाही, कापडात आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार.
नकाशाने मला बढती दिली. "स्थानिक जाणकार" असा बिल्ला आला. कुणाला सांगावं म्हणून हिला फोन केला. ती ताईंना चालवत होती. नंतर करते म्हणाली. विसरली असेल.

रिकामा वेळ होता म्हणून साडूचं घर नकाशात शोधलं. या गृहस्थाने घराला दिलेलं नावसुद्धा नकाशावर चढवून ठेवलंय, जणू राजवाडाच. आणि खूण कुठे? पाण्याच्या टाकीच्या पुढे, मैदानापलीकडे. साफ चूक. घर टाकीच्या मागे आहे. वास्तुशांतीला मी स्वतः गाडी चालवत गेलोय तिथे. आधी टाकी लागते, मग घर. हो, त्या दिवशी आम्ही थोडे फिरून, उलट्या बाजूने पोहोचलो होतो. पण टाकी टाकीच असते, ती काय फिरते?

खूण उचलली आणि टाकीच्या मागच्या फाटकाशी ठेवली. दुरुस्ती पाठवली. जो माणूस जगाला लोकेशन वाटत फिरतो त्याच्याच घराची खूण चुकीची. दिव्याखाली अंधार तो हाच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.
साडूच्या घराची दुरुस्ती स्वीकारली. जाणकाराचा शब्द आहे, तपासत बसले नसतील. आभार आलेच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.
हिचा फोन. ताईंकडून रोज व्यायाम करून घ्यायला एक मॅडम लावल्या होत्या. त्या आल्या की ही मोकळी होणार होती. मॅडम आल्याच नाहीत. घर सापडलं नाही म्हणून परत गेल्या म्हणे. साडूने त्यांना पुन्हा लोकेशन पाठवलं, तरी सापडलं नाही. संस्थेवाले म्हणाले, दुसऱ्या कुणाला पाठवू, पण आठवडा लागेल. तोवर व्यायाम हीच घेणार.

हल्लीच्या माणसांना साधा पत्ता सापडत नाही. तोंडाने विचारायची सवयच गेली. सगळा भरवसा यंत्रावर. मी हिला हे सांगितलं. ती गप्प होती. पटलं असणार.

२२ फेब्रुवारी, रविवार.
दूध आणायला जाताना नकाशा लावला. डेअरी कोपऱ्यावरच आहे, पण रस्त्यात काही अडचण असेल तर आधी कळलेलं बरं. मास्तर दुकानाच्या पायरीवरून बघत होते. त्यांना हात केला तर बाई म्हणाली सरळ पुढे जा. तसा पुढे गेलो.

येताना वेगळ्या रस्त्याने यावं म्हटलं. तेवढ्यात फोनची बॅटरी संपली. दोन गल्ल्यांपलीकडे होतो फक्त. पण सगळ्या इमारती सारख्याच दिसायला लागल्या. थोडा वेळ एका भिंतीला टेकून उभा राहिलो. मग टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याने एक वळण घेतलं आणि म्हणाला, उतरा. दूध नासलं नाही.

संकल्प: घराबाहेर पडताना बॅटरी पूर्ण भरलेली पाहिजे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.
जेवताना फोन ताटाशेजारी ठेवतो. कुठला तरी लांबचा पत्ता टाकतो आणि बाईला बोलू देतो. सरळ जा, म्हणते. मी जेवतो. मागे वळा, म्हणते. मी पाणी पितो. घरात आवाज हवा म्हणून असं काही नाही. बॅटरी तपासतो.

हिच्या कपाटाचं दार नीट लागत नाहीये. ते आधीपासून तसंच होतं का, आठवत नाही. वाईट वाटतंय का असं स्वतःला विचारून बघितलं. काही वाटत नाही. जीभ भाजली की दोन दिवस चव लागत नाही, तसं आहे. चव येईल.

२५ फेब्रुवारी, बुधवार.
एका आजींच्या तरुणपणच्या फोटोची फ्रेम उलटी लावली. आजी खाली डोकं वर पाय. गिऱ्हाईक हसलं, मी नाही हसलो. पट्टी मात्र अचूक निवडली होती.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार.
हिचा फोन. शेवटी!

दुसऱ्या मॅडम ठरल्या आहेत. रविवारी अकराला येणार. त्यांना सगळं समजावून दिलं की ही निघणार. म्हणाली, तुम्हीही अकराला या, एकदमच निघू. मी म्हटलं, साडेदहालाच येतो. ती म्हणाली, अकराला या, पण या. मग म्हणाली, "या वेळी उशीर झाला तर मी राहीनच इथे. परत परत वाट बघायचा मला कंटाळा आलाय."

गंमत करते. तशी तिला विनोदबुद्धी आहे, लोकांना कळत नाही. तरी हात थोडे थंड पडले होते. खिडकी उघडी असणार.

२८ फेब्रुवारी, शनिवार.
तयारीचा दिवस. गाडी धुतली. डाव्या सीटवरचे पट्ट्यांचे तुकडे उचलले. महिनाभर तिथे कुणी बसलंच नव्हतं. पलंगावर नवी चादर. कपाटाचं दारही ठोकून ठीक केलं.

निर्णय झाला आहे. उद्या माझी अक्कल अजिबात चालवायची नाही. बाई सांगेल तसं. मास्तरांना हे सांगितलं. ते म्हणाले, त्यापेक्षा वहिनींना एक फोन करून रस्ता विचारून घ्या ना. मी म्हटलं, मास्तर, लग्नाला तीस वर्षं होतील, आता मी बायकोला रस्ता विचारू? मास्तर म्हणाले, मग कुणाला विचारणार? शिंपी आहेत, उसवलेलंच दिसतं त्यांना.

१ मार्च, रविवार. सकाळी, गाडीत बसून.
पोहोचलो! अकराला अजून अवकाश आहे. बाई म्हणाली, तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात. वाटेत एकदाही चुकलो नाही. आयुष्यात इतक्या वेळेवर मी जन्मालासुद्धा आलो नसेन. आई सांगायची, दोन आठवडे उशीर केलास.

समोर एक लोखंडी फाटक आहे. कुलूप. आत पाण्याची टाकी. घर दिसत नाही. असेल इथेच. झाडं वाढली आहेत.

तिथेच, थोड्या वेळाने.
एक बाई पाठीवर सॅक आणि हातात फोन घेऊन आल्या. मला ताईंच्या घराचं नाव विचारलं. या त्या व्यायामाच्या मॅडम! मी म्हटलं, बरोबर आलात, हेच घर. त्या म्हणाल्या, ही तर टाकी आहे. मी म्हटलं, नकाशा काय म्हणतो? म्हणाल्या, इथेच म्हणतो. मग झालं तर, म्हटलं. आम्ही दोघं फाटकासमोर उभे राहिलो. त्यांना आत गाडीत बसा म्हटलं, त्या नको म्हणाल्या.

टाकीचा रखवालदार बाहेर आला. त्याने विचारलंसुद्धा नाही. म्हणाला, त्या घराचे ना? पार्सलवाले, गॅसवाले, सगळे हल्ली इथेच येतात. आधी नव्हते येत. पंधरवडा झाला असेल. कुणीतरी गाढवाने नकाशात गडबड केलीय.

पंधरवडा. मी मनात हिशेब मांडला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

रखवालदाराने बोट दाखवलं. मैदानापलीकडे पिवळं घर, वर गच्ची. सगळं टाकीच्या पुढे. इथून गाडीला वाट नाही. मोठ्या रस्त्यावर जाऊन वळसा घ्यावा लागतो. पायी जायला भिंतीत एक लहान फाटक आहे.

अकरा वाजून गेले होते. हिचा फोन आला. कुठे आहात? म्हटलं, दारात. कुठल्या दारात? मी फाटकाचं कुलूप हलवून बघितलं. मागे रखवालदार मॅडमना तेच सांगत होता, गाढव वगैरे, जरा मोठ्याने.

हिने तेही ऐकलं असणार. मग म्हणाली, "ते तुम्हीच केलंत ना?"

मी म्हटलं, इथे रेंज नीट नाहीये.

"चुकण्याचं काही नाही हो," ही म्हणाली. "त्या दिवशीही नव्हतं. ताईच्या शाळेत मी शंभरदा गेलेय. तुमच्या शेजारीच बसले होते. एकदा विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाली, मॅडमकडे फोन द्या.

मी दिला. तिने मॅडमना सांगितलं, मला बाहेर सगळं ऐकू येत होतं: टाकीकडे पाठ करा, भिंतीतलं लहान फाटक, मैदान सरळ ओलांडा, मी गच्चीत उभी आहे, हात करते. बस्स, एवढंच. पंधरवडाभर लोक जे चुकत होते ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. गच्चीत लांब कुणीतरी हात केला. मॅडमनी केला. मीही केला. मग लक्षात आलं, तो मॅडमसाठी होता.

मॅडमनी फोन परत दिला तेव्हा ही म्हणाली, आज राहू द्या. बरं, म्हटलं. मॅडम चालत गेल्या. मैदान ओलांडून घराशी पोहोचल्या, हिने खाली येऊन त्यांच्या हातातली सॅक घेतली. मी गाडीत बसून बघितलं. मलाही चालत जाता आलं असतं. लहान फाटक उघडंच होतं. पण गाडी कुठे सोडायची?

१ मार्च, संध्याकाळ.
घरी आलो. नकाशाने विचारलं, आजचं ठिकाण कसं वाटलं? टाकीला चार तारे दिले. रखवालदाराचा स्वभाव चांगला होता.

मग खूण उचलून होती तिथे परत ठेवली. दुरुस्ती पाठवली. तपासत आहोत, म्हणाले. या वेळी आभार लगेच आले नाहीत.

नवी चादर काढून ठेवली. धुऊन ठेवलेली बरी.

३ मार्च, मंगळवार.
दुरुस्ती स्वीकारली. मनःपूर्वक आभार. एकदाच वाचलं.

५ मार्च, गुरुवार.
साडूचा फोन. चक्क लोकेशन न पाठवता बोलला. मॅडम रोज वेळेवर येतात, ताई फाटकापर्यंत चालतात, पुढच्या आठवड्यात पायऱ्या. म्हणाला, तुमच्या मिसेसनी फार केलं, आता त्या मोकळ्या आहेत. मी म्हटलं, हो का, छान. मोकळी आहे म्हणजे येईलच. तो म्हणाला, तसं काही बोलल्या नाहीत. मग हवेबद्दल बोललो.

मास्तरांनी विचारलं, वहिनी कधी? म्हटलं, गुडघ्याचं काम, वेळ लागतो. मास्तर म्हणाले, ताई परवा माझ्याकडे ब्लाउज सैल करून घ्यायला आल्या होत्या, टॅक्सीतून उतरून काठी टेकत चालत. तुम्ही काचेच्या गोदामात होता. मी विचारलं, एकट्याच? मास्तर म्हणाले, नाही. मग त्यांनी टेबलावर कापड पसरलं. हिने वर बघितलं का, घराकडे, हे मला विचारायचं होतं. मास्तरांचं लक्ष कापडात होतं म्हणून नाही विचारलं.

७ मार्च, शनिवार.
नकाशा फोनमधून काढून टाकला. रागाने नव्हे. जेवताना त्या बाईचा आवाज सहन होईना. आता घरात काहीच आवाज नाही, आणि आता मात्र वाटतंय. फार वाटतंय. ही इथे नाही आणि मला ती इथे हवी आहे, हे एवढं सरळ वाक्य लिहायला महिना लागला.

संकल्प: उद्या फोन करायचा आणि विचारायचं. सरळ. आडवळणं नाहीत.

८ मार्च, रविवार.
फोन केला. दोनदा वाजला आणि तिनेच घेतला. मी म्हटलं, मला तुला एक विचारायचंय. तिचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाली, विचारा ना.

मी म्हटलं, तुमच्याकडे यायचा रस्ता कसा?

तिकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तिने सगळं नीट सांगितलं. मोठ्या रस्त्याने यायचं, पहिला पूल सोडून द्यायचा, दुसऱ्याखालून डावीकडे, शाळा उजव्या हाताला ठेवायची, टाकी दिसली की तिच्याकडे जायचं नाही, मैदानाच्या कडेकडेने, पिवळं घर. हळूहळू सांगत होती. मी फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. मग तिने विचारलं, आणखी काही विचारायचं होतं? मी पुठ्ठ्याकडे बघितलं. सगळी वळणं होती. म्हटलं, नाही, एवढंच. तिने बरं म्हणून फोन ठेवला.

रस्ता पाठ झाला आहे. आता कुठूनही सोडलं तरी पोहोचेन. येऊ का, हे विचारायचं राहिलं.